रुपलीचा पाडा

हरणी, बडोदे
१७ ऑगस्ट २०२५, रविवार

चि. मयंक,

पाकिटावरचं अक्षर पाहून कळलंच असेल कुणाचं पत्र आहे ते. फाडू नकोस. तू माझा नंबर बंद केलास त्याला चौदा महिने झाले, आणि तुझा पत्ता मिळवायला मला प्राचीच्या अक्षरशः पाया पडावं लागलं. तिच्यावर रागावू नकोस. सख्खी मावसबहीण मध्ये पडणार नाही तर कोण पडणार?

तू तिला पाठवलेला तो व्हिडिओ तिने मला दाखवला. केवढं हिरवं आहे रे तिकडे परदेशात, तुझ्या त्या गाईंच्या डेअरीवर! त्या हिरव्यात फाटकापाशी तो लाकडी कठडा, आणि आत काळीपांढरी वासरं, कानांत पिवळे बिल्ले लावलेली. एक तर उभं राहायला शिकतच होतं. तू दिसत नाहीस, शेवटी फक्त आवाज येतो. ‘चार दिवसांची झाली की गाडी येते. इथे कुणी व्हिडिओ काढत नाही.’

ते ऐकलं आणि दोन दिवस मी शाळेत शिकवायला गेले नाही. ताप आला म्हणून सांगितलं.

आधी घरचं सांगते. आबांचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. भिंतीला धरून चालतात. दिवसभर खुर्ची परसात, रिकाम्या तबेल्याकडे तोंड करून. मी फिरवून ठेवली की उठून परत तशीच करतात. माझ्याशी बोलतात ते कामापुरतं. पाणी. गोळी. पंखा कमी कर. चार वाजले की उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं आपोआप मांडीवर हलायला लागतात. धारेची वेळ. त्यांना ते कळत नाही. मी तेवढा वेळ घरात जाते.

बाकीचं तुला माहीतच आहे, तरी ओळीने लिहिते. मला ते एकदा कागदावर बघायचंय.

आपल्या तेरा म्हशी. पणजोबा संस्थानच्या पागेतून सुटले आणि घोड्यांच्या जागी म्हशी बांधल्या, तेव्हापासून हीच जागा. मग आजूबाजूला सोसायट्या आल्या. समोरच्या नीलधारातली माणसं सकाळी आपल्याकडचं दूध न्यायची आणि दुपारी वासाची तक्रार करायची. त्यांच्यातल्या लक्ष्मीकांतकाकांनी तर शेण आणि माश्यांवर पाच अर्ज केले होते, दर अर्जाची प्रत आबांना आणून द्यायचे. ‘जयवंतराव, राग नको, पण लिहावं लागतं.’ आबा ती घडी करून देवघरात ठेवायचे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो व्हिडिओ फिरला. एकोणीस सेकंदांचा. पश्चिमेच्या भिंतीला बांधलेलं रुपलीचं नर रेडकू, फासळ्या मोजता येतील असं, मान जमिनीला टेकलेली. मागे आबा रुपलीच्या कुशीला डोकं लावून धार काढताहेत, पाठमोरे. आणि त्यांचा आवाज. ‘जाऊ दे, पाडाच आहे.’ संपला. बारा लाख लोकांनी पाहिला. चौथ्या दिवशी प्राणिमित्र संस्थेची मुलं आली, पोलीस आले, कॉर्पोरेशनचं माणूस आलं. रस्त्यावरून जाणारी पोरं आबांना बघून ‘पाडाच छे!’ म्हणून ओरडायची. आपल्या पंच्याहत्तरीच्या बापाला. ट्रकमध्ये म्हशी चढत नव्हत्या तेव्हा आबाच पुढे झाले आणि एकेकीला नावाने हाक मारून चढवलं. त्यांनी बोलावलं म्हणून त्या चढल्या. मग म्हशी सोपवल्याच्या कागदावर सही करायला त्यांचा हात चालेना, म्हणून मी केली. त्या सहीवरून तू माझ्याशी बोलणं सोडलंस. संध्याकाळी आबा अर्धांगाचा झटका येऊन मोरीत पडले.

आणि तू नीलधाराचा जिना चढलास. काका त्या आठवड्यात फोन घेऊन रस्त्यावरच्या शेणाचे फोटो काढत फिरत होते, रोज सकाळी किटली घेऊन त्याच भिंतीपाशी उभे राहत होते, म्हणून व्हिडिओ त्यांचाच, असं तू ठरवलंस. तू ढकललंस, ते सात पायऱ्या गडगडले. खुबा मोडला. दवाखान्यात त्यांनी ‘पाय घसरला’ असं सांगितलं. तू म्हणालास, ‘चोर आहे म्हणून गप्प आहे.’ जूनमध्ये तू गेलास.

मयंक, काकांनी तो व्हिडिओ काढला नव्हता. हे मला नक्की माहीत आहे. आज एवढंच लिहवतंय.

जेवण वेळेवर कर.

स्नेहलताई


७ सप्टेंबर २०२५, रविवार

चि. मयंक,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असेल असं धरून चालते.

काल मी पांजरापोळात, म्हशी नेल्या होत्या तिथे, जाऊन आले. आबांना शाळेचं काम आहे म्हणून सांगितलं. बसने गेले, पुढे दीड किलोमीटर चालत. फाटकावर दानशूर लोकांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या आहेत. एक मोटार आली होती, कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस. मुलाच्या हातून गाईंना लापशी घातली, फोटो काढले, गेले. म्हशी मागच्या बाजूला. तिकडे कुणी जात नाही.

तिथे रणछोडभाई म्हणून वयस्कर माणूस आहे. वाईट नाही, उलट फार सरळ बोलतो. मी तेरा म्हशींचं विचारलं. त्याने चष्मा वर केला आणि म्हणाला, ‘हरणीवाळी? बेन, बे जीवे छे.’

दोन जगल्या आहेत.

मी खाली बसले. तो सांगत होता. सहाशे जनावरं आणि आम्ही पाच माणसं. तुमच्या म्हशी धारेच्या, भरल्या कासेच्या आलेल्या. इथे धार कोण काढणार? गाईला हात लावायला लोक येतात, म्हशीला कुणी येत नाही. पहिले चार दिवस त्या नुसत्या रेकत होत्या. मग दगडी झाली, सड दगडासारखे घट्ट, आतून पू. एका पाठोपाठ एक गेल्या. रुपली सर्वांत आधी. नवव्या दिवशी. ‘बसायला बघायची, पण कासेमुळे बसता येत नव्हतं,’ तो म्हणाला. ‘उभी राहून मेली असं समजा.’

आपल्या ट्रकमागे जी मुलं घोषणा देत आली होती, त्यांच्यापैकी कुणी नंतर आलं होतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, पहिल्या आठवड्यात आली होती दोघं, रडून गेली.

बिजली आहे अजून. ओळखायला आली नाही. मी हाक मारली तर कान तेवढे हलले. दुसरी वयाने मोठी आहे, तिला एका डोळ्याने दिसत नाही. तिच्या पाठीवर हात ठेवला तर कातडी थरथरली आणि ती बाजूला सरकली.

परत येताना बसमध्ये बाजूच्या बाईने विचारलं, ‘केम रडो छो, बेन?’ मी म्हटलं, आमच्याकडे अकरा जणी गेल्या. ती बिचारी घाबरली. अपघात का, विचारत होती.

आता लिहायचं ते लिहिते. सकाळपासून तीन कागद टाकले.

तो व्हिडिओ मी काढला.

भिंतीपलीकडून नाही, आत उभं राहून. आबा ज्या माणसाला ‘जाऊ दे, पाडाच आहे’ म्हणाले, ती मी. मी विचारलं होतं, ‘आबा, ह्याला दूध नाही पाजायचं?’ माझा प्रश्न कापला आणि त्यांचं उत्तर राहिलं.

मी तो शर्वरीला पाठवला. आमच्या शाळेतली चित्रकलेची शिक्षिका, त्या संस्थेत जाते ती. मला फक्त तिला विचारायचं होतं की अशा रेडकाचं काय करता येईल, कुणी सांभाळतं का. ती पुढे कुणाला पाठवेल असं मला वाटलं नव्हतं.

तुला राग येईल. येऊ दे. पण काकांवरचा राग आता काढून टाक. त्यांनी आपल्याला काहीही केलेलं नाही.

ताई


२९ सप्टेंबर २०२५, सोमवार

मयंक,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. शर्वरीबद्दलचं. ते आधी पुसते.

मी तिला नुसतं विचारायला पाठवला नव्हता. मी लिहिलं होतं, ‘हे लोकांना दिसायला पाहिजे. माझा आवाज काढून टाक.’ हेच शब्द. फोनमध्ये अजून आहेत. तिने मला दोनदा विचारलं, ‘स्नेहल, वडील आहेत ना तुझे? नक्की?’ मी ‘नक्की’ म्हटलं.

का केलं, ते मला धड सांगता येणार नाही. आबा वाईट नव्हते. सुई टोचून पान्हा सोडवणारे कितीतरी तबेले आपण पाहिले, आबांनी सुईला कधी हात लावला नाही. म्हैस आजारी पडली की गव्हाणीशेजारी पोतं टाकून झोपायचे. पण पाडी झाली की पेढे आणि पाडा झाला की गप्प, हे तुला नि मला लहानपणापासून माहीत. पाड्याला दोन घोट, आईने पान्हा सोडेपर्यंत. मग ओढून बाजूला. महिन्याभरात आपोआप आटोपायचं. ‘आपोआप’ हा आपल्या घरातला शब्द. आई तर तेवढे दिवस त्या भिंतीकडे जायचीच नाही. मी शाळेत मुलांना ‘सस्तन प्राणी पिल्लांना दूध पाजतात’ असं शिकवून घरी यायची आणि ते बघायची. त्या वर्षी मला ते सहन झालं नाही. एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं नाही हे मला कळतं.

काकांकडे गेले होते. एकवीस तारखेला, नवरात्राच्या आदल्या दिवशी. निरुपमाकाकूंनी दार उघडलं. तुला आठवतं का, बी.एड.च्या वर्षी आपल्याकडे बसायला जागा नव्हती तर मी त्यांच्या पुस्तकांच्या खोलीत अभ्यास करायची. तीच खोली. आता तिथे पलंग टाकलाय, कारण काकांना पायरी चढून आतल्या खोलीत जाता येत नाही. बाजूला वॉकर.

मी उभ्यानेच सांगितलं. काका ऐकत राहिले. मग म्हणाले,

‘दीड वर्ष मी माझा फोन चाळतोय, स्नेहल. मला वाटलं मीच काढला असेल. शेणाचे फोटो काढताना बोट लागलं असेल, कुठेतरी गेला असेल. म्हाताऱ्याचं काय सांगता येतं? म्हणून तक्रार केली नाही. म्हटलं, पोराने ढकललं त्यात त्याचं काय चुकलं.’

काकू म्हणाल्या, ‘आमच्या दारावर दोनदा शेण टाकून गेलं कुणीतरी. मी धुतलं. दूधवाले भरवाड आम्हाला दूध देईनात. म्हणत, तुम्ही व्हिडिओवाले.’

मी काकांच्या पायांशी वाकले तर त्यांनी पाय आत ओढून घेतले. दुखऱ्या पायासकट.

‘पाया नको पडू. आज का आलीस? तुला त्रास व्हायला लागला म्हणून ना?’

मी हो म्हटलं.

‘मग माझ्याकडे हलकं व्हायला येऊ नकोस. जिथे माझं नाव गेलं तिथे तुझं लिही.’

मी तिथेच बसून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. आपण सोसायटीत राहत नाही, तरी दुधाच्या हिशेबासाठी मला त्यात घेतलं होतं, ते नाव अजून आहे. गुजरातीत लिहिलं, सगळ्यांना कळावं म्हणून. व्हिडिओ मी काढला, काकांचा संबंध नव्हता, त्यांना माझ्यामुळे दुखापत झाली, आणि ज्या म्हशी सोडवल्या म्हणून तुम्ही आनंद केलात त्यांतल्या अकरा मेल्या. काकूंनी वाचून पाहिलं, एक काना दुरुस्त केला.

मला वाटलं आता शिव्या येतील. मी फोन हातात धरून वाट बघत होते, खरंच सांगते, मला त्या हव्या होत्या.

जोडलेले हात आले. फुलं आली. ‘प्राउड ऑफ यू स्नेहलबेन.’ ‘स्वतःच्या बापाविरुद्ध उभं राहायला हिंमत लागते.’ ‘मुक्या जिवांचा आवाज.’ अकरा म्हशींबद्दल एकाने लिहिलं, ‘त्या मुक्त झाल्या.’ काकांबद्दल दोघांनी लिहिलं, ‘अंकल ग्रेट छे.’ शेजारी पलंगावर ग्रेट अंकल बसले होते, त्यांना वर येऊन कुणी भेटलं नाही.

आणि नवरात्राच्या पाचव्या नोरत्याला आरतीनंतर चेअरमनने माइकवर माझं नाव पुकारलं. मी पोचवायला म्हणून नैवेद्याचं ताट घेऊन गेले होते, तिथेच सापडले. शाल घातली. नारळ दिला. गरब्याच्या कपड्यांतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. बोलायचं होतं रे मला. तोंड उघडलं तर ढोलवाल्याने सुरुवातच केली, आणि मी नारळ घेऊन खाली उतरले. वर बघितलं तर काका गॅलरीत वॉकर धरून उभे होते. मला बघून आत गेले.

दूधपाक होता प्रसादाला. सगळे दोन-दोन वाट्या घेत होते.

आता राहिलेलं एक. हे कुणालाच सांगितलेलं नाही. शर्वरीलासुद्धा नाही.

तो व्हिडिओ एकोणीस सेकंदांचा नव्हता. अकरा मिनिटांचा होता. मी अकरा मिनिटं तिथे उभी होते. चांगला दिसेना म्हणून दोनदा जागा बदलली. एकदा उजेड यावा म्हणून गोणपाट बाजूला केलं. आणि त्यात सहाव्या मिनिटाला पाड्याने मान उचलली आणि माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरलं. चोखायला लागला. त्यातून काही येत नव्हतं, तरी चोखत होता. मी ओढणी सोडवून घेतली नाही, कारण हात हलला असता.

रुपली दहा पावलांवर होती. आबा दुसऱ्या म्हशीकडे गेले होते. दावं सोडायला एक हात पुरला असता. तिला अजून दूध होतं.

मला ते सुचलंच नाही, असं मी स्वतःला सांगते. पण सुचलं होतं. मला वाटलं, हा पिऊन उभा राहिला तर दाखवायला काय उरेल?

संध्याकाळी तो गेला. मी ओढणी धुतली, वाळत घातली, आणि जेवले.

आता शाळेत फळ्याकडे तोंड करून उभी असले की कमरेपाशी ओढ लागते. हलकी. कुणीतरी कपडा धरल्यासारखी. मी वळून बघत नाही. मागे चाळीस मुलं बसलेली असतात.

तुला वाटेल ते कर. पत्रं जाळ. पण काकांना एक फोन कर. त्यांचा नंबर खाली लिहिला आहे.

स्नेहल


९ नोव्हेंबर २०२५, रविवार

मयंक,

तुझा फोन आला त्या दिवशी मी तुला धड उत्तरच दिलं नाही, नुसती रडले. म्हणून परत पत्र. आपल्याला फोनवर बोलता येत नाही हे आता दोघांनी मान्य करू.

तू म्हणालास, ‘ताई, तू वाईट केलंस, पण मला तुझ्यावर ओरडायला तोंड नाही.’ आणि तिकडच्या हंगामाचं सांगितलंस. दोनशे सहा वासरं तुझ्या हातून कत्तलखान्याच्या गाडीत चढली. पहिल्या दिवशी तू मालकाला विचारलंस, ह्यांचं पुढे काय, तर तो म्हणाला, नवीन माणूस दरवेळी हेच विचारतो. तू म्हणालास, गाडीवाला फार प्रेमाने वागवतो, वासराला ढोसत नाही, उचलून ठेवतो. ‘सगळं नियमाने आहे, ताई. स्वच्छ आहे. दुधाच्या डब्यावर हिरव्या कुरणाचं चित्र आहे आणि ते खोटं नाही, कुरण खरंच तसं आहे.’ पुढे नुसता वारा ऐकू येत होता.

फेब्रुवारीत तिकडचं काम सोडून परत येणार म्हणालास. ये. काय करायचं ते आल्यावर बघू. म्हशी नाही आणायच्या, एवढंच मला ठाऊक आहे.

काकांना तू केलेल्या फोनचं काकूंनी सांगितलं. सतरा मिनिटं चालला म्हणे. तू माफी मागितलीस, आणि त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारलं. मग एकदम म्हणाले, ‘मयंक, मी पाच अर्ज केले. शेण, माश्या, वास. माझ्या गॅलरीतून ती पश्चिमेची भिंत रोज दिसायची. तिच्याबद्दल एक ओळ लिहिली नाही.’ हे तू मला सांगितलं नाहीस. कदाचित ते फक्त तुझ्यासाठी असेल. काकूंनी मला का सांगितलं ते मला माहीत नाही. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. मी मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांची औषधं आणून दारात देते, काकू घेतात.

आता आबांचं.

तू फोनवर म्हणालास, आबांना सांगू नकोस, त्यांना झेपणार नाही. मी ऐकलं नाही. भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले आणि सांगितलं. व्हिडिओ मी काढला, शर्वरीला मी पाठवला, आवाज काढायला मी सांगितलं. अकरा मिनिटांचंही सांगितलं. रुपली कशी गेली तेही, कारण ते कुणीच सांगितलं नव्हतं त्यांना. मी सांगत होते आणि ते तबेल्याकडे बघत होते.

मग म्हणाले, ‘विचारलंस तू, ते मला आठवतं. उत्तर तुलाच दिलं होतं ना मी. दुसरं कोण असणार?’

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मयंक. पोलिसांनी विचारलं, ‘कुणाशी बोलत होतात?’ तेव्हा ‘आठवत नाही’ म्हणाले ते माझ्यासाठी. तू जिना चढलास तेव्हा मात्र ते दवाखान्यात होते, नाहीतर तुला अडवलं असतं असं म्हणाले. मी म्हटलं, ‘नंतर का नाही सांगितलंत त्याला?’ तर म्हणाले, ‘एक गेलाच होता. दुसरी कशाला घालवू?’

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्यांनी हात ठेवला नाही, पण पायही काढला नाही.

आणि मग त्यांनी विचारलं,

‘कोणता पाडा?’

मला कळलंच नाही. ‘व्हिडिओतला, आबा.’

‘हो, पण कोणता?’

‘रुपलीचा. पश्चिमेच्या भिंतीपाशी होता तो.’

ते आठवत होते. खरंच आठवत होते रे, कपाळाला आठ्या घालून, चष्मा विसरलेला माणूस खोलीभर बघतो तसे. मग हळूच म्हणाले, ‘तिथे पुष्कळ असायचे गं.’

त्यांना तो आठवत नाही. सगळ्या बडोद्याने ज्याचा चेहरा पाहिला, जो मला रोज ओढतो, तो त्यांना वेगळा असा आठवतच नाही. मला वाटलं मी चिडेन. मला फक्त थंडी वाजली.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातून आले तर त्यांनी हाक मारली. कामाची नव्हे, नुसती ‘स्नेहल’. मी गेले. म्हणाले, ‘एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. तुझा जन्म व्हायचा होता तेव्हा. तुझी आई त्याला चोरून ताक पाजायची. मला दिसायचं. मी बोललो नाही, पण ताकाचं भांडं उचलून वर ठेवलं.’

एवढंच. मी आत गेले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी एक. महापूर आला त्या वर्षीचा. विश्वामित्रीचं पाणी हरणीपर्यंत आलं होतं, आबा म्हशींना रस्त्यावर उंचावर नेत होते, आणि एक पाडा पोहत मागे आला होता. ‘तीन दिवसांचा. पोहत आला. आणि मी त्याला परत भिंतीला बांधला.’

आता रोज असतं. चार वाजता, धारेच्या वेळेला. बोटं मांडीवर हलत नाहीत आता, हात मांडीवर पालथा पडलेला असतो आणि ते सांगतात. एकाचे कान कुरतडलेले होते. एकाला तू, चार वर्षांचा असताना, तुझी बिस्किटं भरवायचास, आणि तो गेल्यावर तुला गावी पाठवला म्हणून सांगितलं होतं. तुला आठवतं का हे? एक जन्मला तोच आंधळा. जुळे होते एकदा. काहींचं फक्त एकच आठवतं, पायाचा रंग, नाहीतर ओरडण्याचा आवाज, तेवढंच सांगतात आणि थांबतात. कधी रडत नाहीत. सांगून झालं की पाणी मागतात.

पहिले काही दिवस मला वाटलं हे मला शिक्षा म्हणून चाललंय. तसं नाही. मी नसले तरी सांगतात. परवा मी उशिरा आले तर भिंतीला सांगत होते.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, वयाने होतं, डोकं शाबूत आहे, काळजी नको. मी कसली काळजी करणार? त्यांचं डोकं आत्ता कुठे उघडलंय.

काल मला शाळेच्या तपासायच्या वह्या होत्या. चौदा दिवस झाले आहेत, एकोणीस पाडे झाले आहेत. सांगून झालं, पाणी झालं, ऊन भिंतीवरून उतरलं, म्हणून मी उठले. त्यांनी माझा हात धरला. किती महिन्यांनी धरला.

‘बस,’ म्हणाले. ‘अजून आहेत.’

मी बसले.

ताई